मातीस मिळणारी पिशवी

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात, अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. ही म्हण ज्यांनी प्रथम योजिली त्यांना माणसाच्या दैवाविषयी काही सांगावयाचे होते हे उघड आहे. परंतु त्यासाठी त्यांनी निवडलेला दाखला शेतकऱ्याच्या नित्य अनुभवातला होता. घरामागे साठलेला, कोणी ढुंकूनही पाहू नये असा तो ढीग कालांतराने खत होतो, गाडीत भरून शेतावर जातो आणि पुढील हंगामात धान्याच्या रूपाने पुन्हा घरी येतो. जुन्या गृहस्थीत स्वयंपाकघरातून निघणाऱ्या केराचा प्रवास असा आखलेला असे. भाजीची देठे, डाळतांदळाचे धुवण आणि उरलेसुरले अन्न गाईम्हशींच्या आंबोणात जाई. चुलीतली राख भांडी घासण्यास लागे. आणि जे कशाच्याच उपयोगी पडत नसे ते परसातल्या उकिरड्यावर जाऊन पडे. ह्या साऱ्या प्रवासात पिशवी नावाची वस्तू कोठेही लागत नसे.

ती व्यवस्था निर्दोष होती असे मात्र नव्हे. उकिरड्यावर माश्या घोंघावत, रोगराई पसरे. शहरातला केर आणि मैला ज्यांना डोक्यावरून वाहावा लागे त्यांच्यावर ते काम जातीने लादलेले असे. मैला हाताने उचलण्याचे काम करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. परंतु घराघरांतला केर उचलणारे आणि निवडणारे हात मात्र अजूनही बहुधा त्याच वस्त्यांतून येतात. केराचा विचार करताना तो कोणाच्या हातांतून जातो हा प्रश्न दृष्टिआड करता येत नाही.

शहरातील केराचे खत करण्याची शास्त्रशुद्ध रीत आपल्या देशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाली. इंदूर येथील संस्थेत १९२४ ते १९३१ ह्या काळात आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख ह्यांचे थर देऊन, तो ढीग ठरावीक मुदतीने वरखाली करून उत्तम खत तयार करण्याची पद्धती बसविली. ती 'इंदूर पद्धती' ह्या नावाने जगभर गेली. त्यानंतर १९३९ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य ह्यांनी शहरांच्या गरजा ध्यानी घेऊन दुसरी पद्धती तयार केली. हिचे नाव 'बंगळूर पद्धती'. सुमारे तीन फूट खोल चर खणावयाचा, त्यात केराचा एक जाड थर आणि मैल्याचा एक पातळ थर असे आळीपाळीने देत जावयाचे आणि शेवटी वरून मातीचे जाड पांघरूण घालावयाचे. मातीमुळे दुर्गंधी दबते, माश्यांना थारा मिळत नाही आणि ढीग उलथण्याचे कष्टही वाचतात. सहा ते नऊ महिन्यांत त्या चरातून सोनखत निघते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई पडली आणि 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू झाली, तेव्हा अशा खताचे मोल अनेक नगरपालिकांना उमगले. म्हणीतील बारा वर्षांचा वनवास शास्त्राने काही महिन्यांवर आणून ठेवला.

शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण म्हणून मराठी माणसाला आपुलकीचे वाटणारे बंगळूर खताच्या शास्त्रातही असे अमर झाले. परंतु ह्या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत होते, आणि ते इतके स्वाभाविक होते की ते बोलून दाखविण्याची कोणास गरज भासली नसावी. फेकलेले सारे कुजणारच, हे ते गृहीत होय. त्या काळच्या केरात पत्रावळी होत्या, साली होत्या, चोथा होता, राख होती, चिंध्या होत्या. चरात पडलेली प्रत्येक वस्तू आज ना उद्या मातीस मिळणार होती.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोनएक दशकांत हे गृहीत कोसळले. प्लास्टिकची पातळ पिशवी बाजारातून घरात शिरली आणि घरातून केराच्या डब्यात जाऊन बसली. परसदार नाहीसे होऊन सदनिका आल्या होत्या; चौथ्या मजल्यावर उकिरडा कोठून आणावयाचा? डब्याला आतून पिशवी लावली म्हणजे डबा धुवावा लागत नाही, खरकट्याला हात लागत नाही आणि रात्री तोंडाला गाठ मारली की केर दृष्टिआड होतो. ही सोय खरी होती. तिच्या मागे आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाणी बेताचे, जागा अपुरी आणि घरातली बाई कामावर जाणारी, अशा संसारात पिशवी ही मदतनीसच ठरली. परंतु त्या गाठीने एक मोठे अनिष्ट घडविले. आत काय आहे हे बाहेरच्याला कळेनासे झाले. भाताच्या शितांशेजारी औषधाची बाटली, केळीच्या सालीशेजारी दाढीचे पाते आणि त्यांच्याशेजारी बाळाचे लंगोट, असा सारा संसार एकाच गाठीत बांधला जाऊ लागला.

बंद पिशवीत वारा नाही. वाऱ्यावाचून कुजणारे अन्न आंबते, त्यातून आम्ल पाणी सुटते आणि उग्र दर्प येतो. शहरातल्या केराचा निम्मा, किंबहुना निम्म्याहून अधिक भाग असा ओला असतो. तो सुका कागद, पुठ्ठा ह्यांत मिसळला की तेही वाया जातात. पिशवीसकट तो खताच्या कारखान्यात पोहोचला तर यंत्राच्या पात्यांनी पिशवीच्या चिंध्या होतात, आणि चाळणीतून निसटलेल्या त्या चिंध्या खताबरोबर शेतात जातात. काचेचे आणि प्लास्टिकचे तुकडे असलेले खत शेतकरी एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेत नाही. मग कारखान्यात न खपलेल्या खताचा आणि न कुजलेल्या केराचा ढीग वाढत जातो.

बंगळुरात नेमके हेच दुर्दैव ओढवले. शहराचा केर आसपासच्या खेड्यांच्या हद्दीत नेऊन टाकला जात होता. उत्तरेकडील मावळ्ळीपुरा गावच्या लोकांनी विहिरींच्या पाण्याविषयी, दुर्गंधीविषयी आणि आजारांविषयी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. अखेर २०१२ साली तेथे केर टाकणे बंद झाले. ते बंद होताच उद्यानांचे नगर म्हणून मिरविणाऱ्या शहराच्या रस्त्यांवर केराचे ढीग साचले. सारा भार मंडूर गावावर पडला. तेथील लोक २०१४ साली रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथेही केर नेणे थांबविणे सरकारला भाग पडले. ज्या नगराने केराचे सोने करण्याची पद्धती जगाला दिली, त्याच नगराचा केर शेजारच्या खेड्याला नकोसा व्हावा, हा काळाचा विलक्षण उपहास होता. त्यात दोष आचार्यांच्या पद्धतीचा नव्हता. कुजणारे आणि न कुजणारे एकत्र बांधून पाठविले तर कोणतीही पद्धती हतबल होते.

ह्या प्रश्नाचा कायदेशीर पाठपुरावा बंगळूरच्याच एका नागरिक महिलेने त्यापूर्वीच आरंभिला होता. अल्मित्रा पटेल ह्या व्यवसायाने अभियंता असलेल्या बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहितार्थ अर्ज केला आणि त्या खटल्यातून देशाला नागरी घनकचऱ्याविषयीचे २००० सालचे नियम मिळाले. शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यांतून नागरिकांचे गट उभे राहिले आणि 'दोन टोपल्या, एक पिशवी' हा सोपा मंत्र त्यांनी प्रचारात आणला. हिरव्या टोपलीत ओला केर, तांबड्या टोपलीत आरोग्यास अपायकारक व टाकाऊ केर, आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा पिशवीत कागद, काच, पत्रा इत्यादी सुका केर. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ही रीत त्या वेळच्या बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या हद्दीत बंधनकारक केली. २०१६ साली केंद्राने केर उगमाशीच वेगळा करण्याचे नियम साऱ्या देशाला लागू केले. पुढे २०२५ साली त्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. परंतु त्या वेळी टोपल्यांचा हिशेब बदलला नाही.

ह्या मंत्रातील पिशवी सुक्या केरासाठी आहे. ओल्या केराच्या टोपलीला प्लास्टिकचे अस्तर लावू नये, लावावयाचेच तर वर्तमानपत्राच्या कागदाचे लावावे, असा प्रचारकांचा आग्रह होता. पुष्कळ गृहिणींना तो जाचक वाटला. कागद भिजून फाटतो, टोपली रोज धुवावी लागते, पावसाळ्यात चिलटे होतात, ह्या त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. अशा वेळी बाजारात एक नवी वस्तू आली. दिसावयास प्लास्टिकसारखी, ओलावा धरून ठेवणारी, पण केराबरोबरच कुजून खत होणारी अशी ही पिशवी. इंग्रजीतून आलेले तिचे 'कंपोस्टेबल' हे नाव आता मराठीतही चालते. मराठीत एखादी गोष्ट मातीस मिळाली म्हणजे तिचा नाश झाला असे समजतात. ह्या पिशवीचा मात्र मातीस मिळणे हाच गुण आहे.

तो गुण तिच्या अंगी कसा येतो हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतील पॉलिथिन हे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी असते, आणि त्या साखळीचे दुवे तोडण्याची हातोटी मातीतल्या सूक्ष्म जंतूंना जवळजवळ नाही. नव्या पिशवीत मक्यासारख्या धान्यातील स्टार्च आणि विशिष्ट प्रकारची पॉलिएस्टर द्रव्ये मिसळलेली असतात. ह्या द्रव्यांपैकी काही वनस्पतिजन्य तर काही खनिज तेलापासून केलेली असतात. परंतु त्यांच्या साखळीत असे दुवे असतात की जे ऊब आणि ओल मिळताच सुटू लागतात आणि मग जंतू त्यांवर ताव मारतात. ह्यासाठी भारतीय मानक १७०८८ ठरलेले आहे. कारखान्यातील ढिगासारख्या सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत बारा आठवडे ठेवल्यावर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर त्या मालाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग उरता कामा नये. १८० दिवसांच्या आत त्यातील निदान नव्वद टक्के कार्बनचे वायूत रूपांतर झाले पाहिजे. आणि त्या खतात पेरलेले बी नेहमीप्रमाणे रुजले पाहिजे. अशा पिशव्या करणाऱ्या उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे २०१६ च्या प्लास्टिकविषयक नियमांनी आवश्यक केले आहे.

येथे एका फसगतीपासून सावध राहिले पाहिजे. बाजारात 'पर्यावरणस्नेही', 'आपोआप नष्ट होणारी' अशा गोड नावांच्या पिशव्याही मिळतात. त्यांतील काही साध्या पॉलिथिनच्याच असतात; त्यांत धातूंची क्षारद्रव्ये मिसळल्यामुळे उन्हावाऱ्याने त्यांचा चुरा होतो इतकेच. चुरा होणे निराळे आणि कुजणे निराळे. दगडाची वाळू झाली म्हणून दगड संपत नाही. त्याप्रमाणे प्लास्टिकचा चुरा झाला म्हणून प्लास्टिक संपत नाही, उलट ते वेचून काढणे अशक्य होऊन बसते. खरी पिशवी ओळखावयाची तर तिच्यावरील मानकाचा आणि प्रमाणपत्राचा उल्लेख वाचावा. तो नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

परंतु खरी पिशवी मिळाली तरी प्रश्न संपतो काय? मानकातील ५८ अंश हा आकडा पुन्हा ध्यानात घेतला पाहिजे. एवढी उष्णता कारखान्यातल्या मोठ्या ढिगात निर्माण होते. गच्चीवरच्या कुंडीत किंवा बागेतल्या लहानशा खड्ड्यात ती क्वचितच होते. तेथे भाजीची देठे केव्हाच माती होऊन जातात आणि पिशवीच्या चिंध्या कित्येक महिने तशाच राहतात. बंगळुरात ओल्या केरापासून जैववायू करण्याची संयंत्रेही उभारण्यात आली. त्यांत हवेवाचून काही आठवड्यांतच काम उरकावयाचे असते. तेवढ्या अवधीत ही पिशवी कुजत नाही, उलट यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली जाते. शिवाय केर निवडणाऱ्या माणसाला कुजणारी पिशवी आणि न कुजणारी पिशवी घाईच्या वेळी वेगळी ओळखता येत नाही. संशय आला की तो दोन्ही फाडून बाजूला टाकतो. आणि दाम मोजून आणलेली पिशवी अखेर इतर प्लास्टिकबरोबरच जाते. तीच पिशवी चुकून भंगारातल्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर वितळवून केलेला मालही कच्चा निघतो.

तात्पर्य, ही पिशवी स्वतंत्रपणे चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ती एका साखळीतील दुवा आहे. पुढचा कारखाना तिच्यासाठी तयार असेल तर ती उपकारक ठरते. इटलीतील मिलान शहराचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या देशाने २०११ पासून बाजारहाटाच्या न कुजणाऱ्या पातळ पिशव्या बंद केल्या आणि मिलानने २०१२ पासून घरोघरचे खरकटे वेगळे गोळा करण्यास आरंभ केला. तेथे घरात जाळीदार लहान टोपली आणि तीत कुजणारी पिशवी असते. जाळीतून आणि पिशवीच्या अंगातून वाफ निघून जाते, केर थोडा सुकतो आणि दर्प कमी होतो. सदनिकांत राहणाऱ्या लोकांनी हे काम पत्करावे म्हणून तेथे पिशवीचा उपयोग झाला. परंतु बाजारातली पिशवी, घरातली टोपली, उचलणारी गाडी आणि खताचा कारखाना ह्या चारही गोष्टींचा मेळ आधी घातला गेला. महाराष्ट्रानेही २०१८ साली प्लास्टिकबंदी करताना कुजणाऱ्या पिशव्यांना सरसकट मुभा न देता रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणे अशा नेमक्या कामांपुरती ती ठेवली. त्यामागील विवेक हाच होता.

ह्या विवेकाने पाहिले तर उपाहारगृहे, मंगल कार्यालये, वसतिगृहे अशा ठिकाणी, जेथे खरकटे मणामणाने निघते आणि ते थेट खताच्या कारखान्यात जाते, तेथे ही पिशवी कामाची आहे. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, रोज टोपली धुणे शक्य नसेल, तर तेथेही तिचा आधार घेण्यात वावगे काही नाही. मात्र आपल्या भागातला ओला केर कोठे जातो ह्याची चौकशी आधी करावी. इतर बहुतेक घरांना तिच्यावाचून सहज निभावता येते. खरकट्यातले पाणी चाळणीत निथळून घ्यावे. टोपलीच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्राची घडी किंवा मूठभर वाळलेली पाने टाकावीत. रिकामी टोपली भांड्यांच्या धुवणानेच विसळून उन्हात पालथी घालावी. निम्मी दुर्गंधी नुसत्या निथळण्याने जाते.

ज्यांना केर घराबाहेर जाऊच द्यावयाचा नाही, त्यांच्यासाठीही बंगळूरनेच मार्ग दाखविला आहे. तेथील पूनम बीर कस्तुरी ह्यांनी २००६ साली 'डेली डम्प' हा उद्योग काढला आणि एकावर एक ठेवावयाची मातीची तीन मडकी घरोघर पोहोचविली. वरच्या मडक्यात रोजचा ओला केर आणि त्यावर सुक्या पानांचा वा भुशाचा थर देत जावे. ते भरले की खाली सरकवावे. मातीच्या भांड्यातून वारा खेळता राहतो. ओल्या केरात नत्र अधिक, सुक्या पानांत कार्बन अधिक. दोहोंचा मेळ जमला की दर्प न येता दोनतीन महिन्यांत काळसर, पावसाच्या मातीसारखा वास असलेले खत हाती येते. विज्ञान संस्थेतील चरामागचे सूत्र आणि सज्ज्यातल्या मडक्यामागचे सूत्र मुळात एकच आहे: जे ज्याच्याबरोबर कुजते त्यालाच त्याच्या शेजारी ठेवावे.

आता ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे त्यांच्याकडे वळले पाहिजे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. बंगळुरात 'हसिरु दळ' ह्या संस्थेने कचरावेचकांना संघटित केले. ह्या संघटनांचे सांगणे अगदी साधे आहे. केर हे आमच्या पोटापाण्याचे साधन आहे, परंतु तो आमच्या हाती नीट येऊ द्या. गाठ मारलेली पिशवी सोडताना आत काच आहे की सुई, हे त्या बाईला दिसत नाही. ते तिच्या बोटांना प्रथम कळते. पिशवी मक्याची असली तरी काच कापावयाची थांबत नाही. घरातल्या माणसाने दोन क्षण विचार करून देठे एका टोपलीत आणि फुटका पेला कागदात गुंडाळून दुसरीकडे ठेवला, तर त्या बाईचा हात शाबूत राहतो, गावकुसाबाहेरच्या विहिरीचे पाणी राहते आणि शेतकऱ्याला निर्मळ खत मिळते. हे दोन क्षण कोणत्याही कारखान्यात तयार होत नाहीत आणि कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. मातीस मिळणारी पिशवी हे एक सोयीचे साधन आहे. तिच्यात काय भरावयाचे ह्याचा निर्णय मात्र स्वयंपाकघरातच व्हावयाचा असतो, आणि तेथे तो दररोज नव्याने करावा लागतो.